दोन फुटी टँकमध्ये कोरी (कोरीडोरास, तळाशी चरणारे छोटे कॅटफिश) नेमक्या किती? दोन अल्बिनो आहेत, पुढे काय घ्यावं?

विदर्भ_अ‍ॅक्वा

टँक 24 × 12 × 15 इंच. खडी-लाकूड वजा जाता पाणी साधारण 55 लिटर. हँग-ऑन (काचेच्या कडेला टांगायचा) फिल्टर, शिवाय एअर पंपावर एक स्पंज. तळाला 3 ते 5 मिमीची रंगीत खडी, खाली जुनी अंडरग्रॅव्हल प्लेट (खडीतून पाणी ओढणारी फिल्टरची जाळीदार पाटी) आहे, पण ती आता बंद आहे. एक ड्रिफ्टवुड, जावा फर्न, अनुबियास ही झाडं. मासे: 10 निऑन टेट्रा आणि 2 अल्बिनो कोरी. अमोनिया 0, नायट्राइट 0, नायट्रेट 20 पीपीएमच्या आसपास. दर आठवड्याला 30 टक्के पाणी बदल. गाव नागपूर, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पाणी 31-32 अंशांवर जातं.

दोन्ही कोरी दिवसभर फिल्टरच्या पाइपमागे बसून असतात. दुकानदाराचं म्हणणं, कोरीची जोडी पुरते. हवंच असेल तर दोन पांडा आणि दोन स्टर्बाय (कोरीच्याच दुसऱ्या जाती) घ्या, सहाचा गट होईल आणि तळही साफ राहील. असा मिश्र गट चालतो का? नसेल तर या टँकला एकूण किती कोरी झेपतील?

तळमजला

2 + 2 + 2 म्हणजे इथे सहा होत नाहीत, तीन जोड्याच राहतात. कोरीचा थवा एकमेकांकडे बघून चालतो. एक चरायला निघाली की बाकीच्या मागे येतात; हवा घोटायला वर जाणंही बऱ्याचदा एकत्रच होतं, कारण तळ सोडून पृष्ठभागावर जायचं म्हणजे पक्ष्याच्या नाहीतर मोठ्या माशाच्या तोंडी जाण्याचा धोका. एनिअस या कोरीच्या जातीवरच्या प्रयोगांत त्या बिथरल्यावर शेजारणीला अंगाने ढोसून हलवतात असंही दिसलंय. संख्या दोन असेल तर हे सगळं बंद पडतं, आणि मासे पाइपमागे बसतात. तुमच्याकडे नेमकं तेच चाललंय, पाण्यात काही खोट नाही.

तुमच्या अल्बिनो बहुतेक एनिअसच असतील. म्हणजे ब्राँझ कोरी आणि अल्बिनो कोरी ही एकाच जातीची दोन रूपं. रंग वेगळा असला तरी थव्यात त्या एकच धरायच्या. चार साध्या ब्राँझ आणल्या की गट खरोखर सहाचा होतो, आणि बाजारात सर्वांत सहज मिळणारी कोरीही तीच. दोन सावधगिऱ्या. पॅलियाटस या दुसऱ्या जातीचेही अल्बिनो येतात. नराच्या पाठीवरचा पर उंच आणि टोकदार दिसला तर शंका घ्या. आणि ‘ग्रीन कोरी’ म्हणून कधी कधी ब्रोकिस स्प्लेंडेन्स, म्हणजे एमराल्ड, हातात पडते. ती आडव्या अंगाची, 8-9 सेंमीपर्यंत वाढणारी वेगळीच मासळी आहे, दोन फुटांत तिचा गट बसत नाही.

पांडा आणि स्टर्बाय एकत्र घ्या म्हणणाऱ्याने तापमान पाहिलेलं नाही. पांडा पेरूच्या उकायाली खोऱ्यातली, अँडीजच्या पायथ्याच्या थंड ओढ्यांची. तिला 20 ते 25 अंश मानवतं. स्टर्बाय 24 ते 28 मध्ये मजेत राहते. नागपूरच्या मेमध्ये चिलर नसताना पांडा ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे. पॅलियाटसही नको, ती ला प्लाताच्या खोऱ्यातली, अर्जेंटिना-उरुग्वेकडची, 18 ते 23 अंशांत खुलणारी. डार्विनने बीगलच्या सफरीत गोळा केलेल्या माशांत ती होती, हे जाता जाता.

आता संख्या. कोरीसाठी लिटर मोजू नका, तळ मोजा. तुमचा तळ 60 × 30, म्हणजे 1800 चौरस सेंमी. लाकूड, झाडं, पाइप यांनी पाव भाग खाल्ला तर उरले 1350. मोठ्या कोरीमागे 200 चौरस सेंमी मोकळा तळ धरला तर पावणेसात येतात. हा अंदाज आहे, कायदा नव्हे, पण फसवत नाही. सहा घ्या. निऑन आणखी वाढवणार नसाल आणि उन्हाळ्याचा बंदोबस्त पक्का असेल तर आठ. त्यापुढे नको.

टँकची उंची 15 वरून 20 इंच केली तर लिटर वाढतील, कोरी वाढणार नाहीत. उलट प्रत्येक घोटासाठी तेवढं जास्त अंतर कापावं लागेल.

फिल्टरपुराण

सहाला हो, आठला नागपुरात नाही. कारण ऑक्सिजन. 25 अंशांना पाण्यात जास्तीत जास्त साधारण 8.2 मिग्रॅ प्रतिलिटर ऑक्सिजन विरघळतो, 32 ला साधारण 7.3. म्हणजे पुरवठा दहाएक टक्क्यांनी घटला. त्याच वेळी माशाचा श्वास, फिल्टरमधल्या जिवाणूंची भूक आणि तळातल्या घाणीचं कुजणं, तिन्ही वाढतात. कोरीला आतड्यातून हवेतला ऑक्सिजन घेता येतो म्हणून ती लगेच मरत नाही, आणि म्हणूनच माणूस गाफील राहतो. आधी निऑन जातात.

पाहायचं काय: एखादी कोरी अधूनमधून सुळकन वर जाऊन घोट घेऊन आली, ते नेहमीचं. सगळ्या मिनिटामिनिटाला वर जायला लागल्या तर आधी अमोनिया-नायट्राइट तपासा, मग तापमान. पाण्याची पातळी काचेच्या कडेपासून 3-4 सेंमी खाली ठेवा. झाकणाला चिकटून पाणी असेल तर घोटायला हवाच उरत नाही.

गार करायला बर्फाच्या बाटल्या टाकू नका, दोन तासांत तापमान खाली-वर होतं आणि माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होतो. पृष्ठभागावरून तिरका वारा जाईल असा छोटा पंखा लावा, काचेच्या झाकणाऐवजी जाळी घाला. बाष्पीभवनाने 2 ते 4 अंश उतरतात. विदर्भाच्या कोरड्या हवेत हा उपाय कोकणापेक्षा कितीतरी चांगला चालतो. पण त्याने रोज पाणी आटतं, क्षार मात्र मागे राहतात. म्हणून आटलेल्याची भर आरओच्या पाण्याने घाला, आठवड्याचा बदल नळाच्या पाण्याने. नळाच्याच पाण्याने भर घालत राहिलात तर जूनपर्यंत पाणी चांगलंच जड झालेलं असेल.

वीज जाते तिथे स्पंज फिल्टरचा एअर पंप बॅटरीवर चालणारा घ्या. या टँकमध्ये हँग-ऑनपेक्षा तोच जीव वाचवेल.

आणायचा क्रम: चारही एकदम आणा, पण आधी वेगळ्या टबात. 20-25 लिटरचा प्लास्टिक टब पुरतो. तळ उघडा, कुंडीचा तुकडा किंवा पीव्हीसी पाइप लपायला, आणि मुख्य टँकमध्ये महिनाभर चाललेला स्पंज. तीन आठवडे ठेवा. दुकानात सवयीने खडे मीठ टाकायला सांगतात; कोरीच्या टबात आजार नसताना ते नको. औषधही नको. रोज तपासायचं ते असं: मिशा पूर्ण लांबीच्या आहेत का, पोट आत गेलंय का, परांच्या कडा लालसर आहेत का, श्वास एकाच कल्ल्याने चाललाय का. पोट आत आणि खाणं सुरू असेल तर जंताची शक्यता असते, तेव्हा औषधाचा विचार करा.

एकेक करून आणण्याचा मोह टाळा. प्रत्येक खेपेला नवा आजार आणण्याची संधी आणि प्रत्येक नव्या माशाला पुन्हा एकटेपणा. सायकल पूर्ण झालेल्या (म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावलेल्या) टँकमध्ये 4 लहान कोरी एकदम गेल्याने फिल्टर कोलमडत नाही. पहिले दहा दिवस खाणं थोडं कमी ठेवा आणि एक दिवसाआड अमोनिया पाहा. 0.25 दिसला तर लगेच 30 टक्के पाणी बदला.

विदर्भ_अ‍ॅक्वा

म्हणजे चार ब्राँझ, ठरलं. खडीचं काय करू? एका अल्बिनोच्या मिशा आखूड वाटतात. इथे बांधकामाची वाळू मिळते, ती चालेल का? आणि प्लेट तशीच ठेवून वर वाळू टाकली तर?

गाळीव_रेती

प्लेट काढावीच लागेल. बारीक वाळू फटींतून खाली उतरते, प्लेटखालच्या पोकळीत अडकलेल्या गाळावर बसते आणि तिथे ऑक्सिजन नसलेला काळा थर तयार होतो. बंद पडलेल्या प्लेटखाली आताच वर्षाची घाण असणार. म्हणून मासे टँकमध्ये ठेवून ती उपसू नका.

बांधकामाच्या वाळूत दोन प्रकार आहेत आणि फरक इथेच पडतो. क्रश सँड घेऊ नका. ती दगड फोडून केलेली असते, कडा धारदार असतात आणि भुकटी धुऊन धुऊन संपत नाही. नदीची नैसर्गिक वाळू चालते, तिचे कण गोल झालेले असतात. ती चाळणीने चाळून 1 मिमीखालची ठेवा, पिठासारखी बारीक भुकटी धुण्यात वाहून जाऊ द्या. मूठभर वाळूवर व्हिनेगर ओता. बुडबुडे आले तर शिंपल्यांचा चुना आहे, पाणी जड करत राहील, ती वाळू सोडा. याच कारणाने समुद्राची वाळू नको, कोकण-गोव्यातल्या मंडळींनी ऐकून ठेवावं. हे सगळं नको असेल तर जलतरण तलावाच्या फिल्टरसाठी मिळणारी 0.5 ते 1 मिमीची सिलिका सँड घ्या.

किती: 60 × 30 तळावर 2.5 सेंमी थर म्हणजे साडेचार लिटर, वजनाने साधारण 7 किलो. धुण्यात घट जाते म्हणून 8 आणा. चार सेंमीच्या वर थर देऊ नका, खालचा भाग कुजतो.

काम असं: दोन बादल्यांत टँकचंच पाणी घ्या, एकीत मासे आणि चालू स्पंज फिल्टर. हँग-ऑनची मोटर बंद करा, पण आतला स्पंज टँकच्या पाण्यात बुडवून ठेवा, कोरडा पडू देऊ नका. उरलेलं पाणी फेकून खडी आणि प्लेट काढा, तळ पुसून घ्या. वाळू आधीच बादलीत नळाखाली, पाणी नितळ येईपर्यंत, दहा-बारा वेळा धुतलेली हवी. शेवटचं धुणं क्लोरीन काढलेल्या पाण्याने. वाळू पसरा, तिच्यावर ताट ठेवा आणि ताटावर हळू पाणी ओता. फिल्टर सुरू करून गढूळपणा बसला की मासे सोडा.

खडीबरोबर बरेच जिवाणू जातात. म्हणून त्या आठवड्यात आणि पुढच्याही आठवड्यात फिल्टरला हात लावायचा नाही, खाणं निम्मं, आणि नवे मासे तर नाहीतच. आधी वाळू, तीन आठवडे थांबा, मग कोरी. तोवर नव्या कोरी टबात राहतीलच, म्हणजे दोन्ही कामं एकाच वेळी चालू शकतात.

मिशांबद्दल: धारदार खडीने मिशा झिजतात हे अर्धंच खरं. खडीच्या फटीत खाणं अडकून कुजतं, कोरी तोंड तिथेच खुपसते, आणि जिवाणूंनी मिशा खाल्ल्या जातात. गुळगुळीत वाळूवरही घाण साचू दिली तर तेच होतं. मुळाशी थोडी जरी शिल्लक असेल तर स्वच्छ तळावर मिशी परत वाढते.

काचेपलीकडे

तळमजला यांच्या मिश्र गटाबद्दलच्या मताला थोडा फाटा. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात एकाच रंगसंगतीच्या दोन-तीन वेगवेगळ्या जाती एकत्र थव्यात फिरतात, हे नोंदलेलं आहे. काटा आणि विष सगळ्यांकडेच, त्यामुळे सारखं दिसण्याचा सगळ्यांनाच फायदा. मग ‘एकच जात’ हा इतका कडक नियम का?

तळमजला

निरीक्षण बरोबर, पण ते शेकड्यांच्या थव्यांचं आहे आणि त्यात प्रत्येक जातीच्या स्वतःच्या माणसांची कमतरता नसते. शिवाय त्या जाती एकमेकींसारख्या दिसतात. पांडा, स्टर्बाय आणि अल्बिनो यांच्यात तसं काहीच साम्य नाही. 2024 मध्ये कोरीडोरास वंशाची फोड झाली, त्यात एनिअस ऑस्टिओगॅस्टर या वंशात गेली आणि पांडा, स्टर्बाय, पॅलियाटस हॉप्लिसोमामध्ये. दुकानातल्या पाट्या बदलणार नाहीत, पण दुकानदार ज्यांना एका माळेत ओवतो त्यांचं नातं किती लांबचं आहे ते यावरून कळतं.

मात्र एक सवलत द्यायला हवी. एखाद्याकडे जुनी एकटी पांडा उरली असेल आणि दुसरी मिळत नसेल, तर एनिअसच्या सहांत ती बऱ्याचदा सामील होते. एकटं राहण्यापेक्षा ते बरं. पण ही उरलेल्या माशाची सोय झाली. खरेदीच तशी करायची नसते.

दोन जाती हव्याच असतील तर टँक मोठा करा. 3 × 1.25 फुटांत एका जातीच्या 10-12 किंवा दोन जातींच्या सहा-सहा. 4 × 1.5 मध्ये वीस आरामात. आणि लहान टँकवाल्यांसाठी: 18 × 12 इंचात मोठी कोरी नको, पिग्मियस ही छोटी कोरी घ्या. अडीच सेंमीची असते, ती तळावर कमी आणि मधल्या पाण्यात जास्त पोहते, म्हणून तिला तळाचा हिशोब लागू होत नाही. तिच्या बाबतीत सहा हा खरोखर किमान आकडा आहे. आठ-दहा असतील तरच ती उघड्यावर येते. निऑनएवढे खादाड सोबती तिच्याबरोबर ठेवले तर तिला खायलाच मिळत नाही.

काचेपलीकडे

मान्य. हाच तर्क ग्लास कॅटफिशलाही लावा, जाता जाता. पारदर्शक मासा म्हणून लोक एक-दोन नेतात आणि तो झाडाच्या पानामागे उभा राहून उपाशी मरतो. सहाच्या खाली नेऊ नये, आणि तो मधल्या थरातला असल्याने त्याला तीन फुटी टँक आणि संथ प्रवाह हवा. ‘शार्क’ म्हणून विकलं जाणारं पंगासचं पिल्लूही थव्यातलंच, पण ते मीटरभर वाढतं. त्याच्यासाठी योग्य संख्या शून्य.

नर-माद्यांचं: वरून पाहा. मादी खांद्यापाशी रुंद, नर सडसडीत. नुसता गट हवा असेल तर प्रमाणाला महत्त्व नाही, कोरी आपसांत भांडत नाहीत. अंडी हवी असतील तर एका मादीमागे दोन नर धरा. सहात दोन माद्या आल्या तर नशीब.

फिल्टरपुराण

‘तळही साफ राहील’ यावर कोणी बोललं नाही म्हणून. कोरी शेवाळ खात नाही, विष्ठा तर कोणताच मासा साफ करत नाही. सहा कोरी म्हणजे सहा माशांचा जादा कचरा. निऑनच्या उरल्यासुरल्या खाण्यावर त्या जगतात ही समजूत घेऊन लोक त्यांना उपाशी ठेवतात.

रात्री दिवा बंद करण्याआधी निऑनला वर तरंगणारं खाणं द्या, दिवा बंद झाल्यावर दहा मिनिटांनी बुडणारं. सहा मोठ्या कोरींना साधारण एक वेफर (माशांच्या बुडणाऱ्या खाण्याची चकती), चार तुकडे करून, तीन-चार ठिकाणी. एकाच ढिगाऱ्यावर दोन दांडग्या बसल्या की आखूड मिशांची ती कायम मागे राहते. दोन तासांनी टॉर्च मारून पाहा. उरलं असेल तर नळीने ओढून घ्या आणि उद्या कमी टाका, काहीच नसेल तर किंचित वाढवा. आठवड्यातून दोनदा फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या). जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडा) नका देऊ, तो बऱ्याचदा सांडपाण्याच्या नाल्यांतून काढलेला असतो. सुका क्यूब भिजवून दिलेला चालतो.

विदर्भ_अ‍ॅक्वा

शेवटचा प्रश्न. दुकानातून आणताना चारही एका पिशवीत चालतील? घर तासाभराच्या अंतरावर आहे.

गाळीव_रेती

दोन-दोन सांगा, आणि प्रत्येक पिशवी दुहेरी. कोरीच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या परांचे काटे ताठ उभे राहतात आणि पातळ पिशवीला भोक पाडतात. शिवाय घाबरल्यावर त्या विषारी स्राव सोडतात. बंद पिशवीतल्या थोड्या पाण्यात त्याच्याने स्वतः त्याच मरतात. वाटेत पाण्यावर फेस आला किंवा मासे आडवे पडायला लागले तर घरी पोचेपर्यंत थांबू नका, सोबत क्लोरीन काढलेल्या पाण्याची दोन लिटरची बाटली ठेवा आणि पाणी बदला.

घरी पिशवी वीस मिनिटं टबात तरंगत ठेवून तापमान जुळू द्या. मग दर पाच मिनिटांनी कपभर टबातलं पाणी, चार वेळा. पिशवीतलं पाणी टबात अजिबात ओतायचं नाही. मासे प्लास्टिकच्या डब्याने उचला, जाळीने नको. काटा जाळीत अडकतो. अडकलाच तर मासा ओढू नका, ओल्या हाताने धरून कात्रीने जाळी कापा. बोटाला काटा टोचला तर मधमाशी चावल्यासारखी आग होते. सोसवेल इतक्या गरम पाण्यात बोट बुडवून ठेवलं की उतरते.